काडी ओली की कोरडी? : बोन्सायच्या पाण्याची गोष्ट

आज रेडिओवर आमच्या गटाच्या आम्ही चौघी बसलोय, आणि बोन्सायबद्दल बोलणार आहोत. आधीच सांगतो, आम्ही कुणी तज्ज्ञ नाही. आम्ही सांगोल्याकडच्या, डाळिंबाच्या मुलखातल्या. चार वर्षांपूर्वी 'बोन्साय' हा शब्दही आमच्या तोंडात नीट बसत नव्हता. आमच्यातल्या आक्का अजून 'बोनसाई' म्हणतात आणि त्यांचीच झाडं सगळ्यांत चांगली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथं कुंडीतल्या झाडाचे लाड कोण करणार? हा प्रश्न आमच्याही घरात झाला. एकीच्या सासऱ्यांनी तर सरळ विचारलं, जनावरांना पाणी नाही आणि तुम्ही ताटलीतल्या झाडाला पाजताय? त्याचं उत्तर पुढं येईल. पण झाडं आमच्याकडं आली कशी ते आधी ऐका, कारण पाण्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आमच्या भागात गेल्या काही वर्षांत डाळिंबाच्या किती बागा गेल्या ते सांगायला नको. तेल्या आला, मर आली, मग खोडाला बारीक भोकं पाडणारा भुंगा आला. लोकांनी जेसीबी लावून बागा काढल्या. बांधावर खोडांचे ढीग पडले, पेटवायला नेले. त्या ढिगात एखादं खोड असं असायचं की बघत राहावं. पिळदार, वाकलेलं, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखं. आमच्यातल्या एकीची लेक पुण्याला रोपवाटिकेत कामाला आहे. ती सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आई, ही खोडं जाळू नका. जिवंत असतील ती कुंडीत लावली तर बोन्साय होतं, आणि लोक त्याला पैसे देतात."

तशी सुरुवात झाली. निरोगी बागेतली, वय झालं म्हणून काढलेली बारा खोडं आम्ही निवडली. भोकं पडलेलं किंवा तेल्याचे डाग असलेलं एकही घेतलं नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. रोग कुंडीतून शेजारच्या बागेत जातो. शिवाय वड, पिंपळ, उंबर आणि नांदरूक मिळून अठरा रोपं गोळा केली. ती विकत घेतली नाहीत. जुन्या वाड्याच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात, शाळेच्या पन्हाळीखाली पाखरांच्या विष्ठेतून ही झाडं आपोआप उगवतात आणि भिंत फोडतात. मालकाला विचारून, पावसाळ्यात भिंत चिंब ओली असताना हळूहळू मोकळी करायची. भिंतीत अडकून वाढल्यामुळं त्यांचं बूड आधीच जाड झालेलं असतं. ग्रामपंचायतीनंही आनंदानं नेऊ दिली.

घरातल्या म्हाताऱ्यांना पिंपळाचं पटलं नाही. पिंपळ अंगणाबाहेर, घरात नाही, असं ठरलं. आम्ही वाद घातला नाही. तसंही बोन्साय हे दिवाणखान्यात ठेवायचं झाडच नाही, त्याला उघड्यावरचा उजेड आणि वारा लागतो. त्यामुळं सासूबाईंचंही राहिलं आणि झाडाचंही.

कुंड्या, तार, कात्री आणि हिरवी जाळी यासाठी गटातून बारा हजार रुपये अंतर्गत कर्ज काढलं. बारा बायका, तीस झाडं. सगळी झाडं एकीच्या परसात जाळीखाली ठेवली आणि पाण्याची पाळी लावली. एकेका बाईचा एक आठवडा, सकाळी प्रत्येक कुंडीला एक तांब्या. तक्ता करून भिंतीला लावला. आम्हाला वाटलं, झालं काम.

पाण्याचं आम्हाला काही शिकवावं लागेल असं आमच्या मनातही नव्हतं. डाळिंबवाल्या आम्ही. बहार धरायला बागेला महिना-दीड महिना ताण द्यायचा, पानगळ झाली की छाटणी करायची, मग पाणी सोडायचं, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. पण तिथंच आमची चूक झाली. जमिनीतल्या झाडाला ताण दिला तर त्याची मुळं खाली, बाजूला, ओल असेल तिथं जातात. कुंडीतल्या झाडाला जायला जागा नाही. त्याचं सगळं जग परातीएवढं. तिथं जे असेल तेच त्याला मिळणार, आणि जे नको असेल तेही तिथंच साठून राहणार.

पहिल्या एप्रिलमध्ये चार झाडं गेली. त्या आठवड्यात आमच्यातल्या सगळ्यांत धाकटीची पाळी होती. तिच्या सासूबाई पंढरपूरला दवाखान्यात होत्या, ही तिकडं अडकली, पाणी तिच्या लेकीनं घातलं. महिन्याच्या बैठकीत आम्ही तिला नको ते बोललो. पोरीवर काम सोपवलंस, म्हणालो. चार झाडांचे अठराशे रुपये तिच्या नावावर लिहिले. ती काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मग परतीचा पाऊस आला. आमच्याकडं पाऊस थोडा, पण आला की सप्टेंबर-ऑक्टोबरला एकदम येतो. त्या पावसात आणखी पाच झाडं गेली. पानं पिवळी पडली, बोट लावलं की गळायची. त्या आठवड्यात कुणाची पाळी होती हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर अवघड होतं, पाळी अध्यक्षांची होती.

तीसातली नऊ गेली. दिवाळीला त्या पुण्याच्या लेकीनं येऊन काय केलं ते सांगतो, कारण तिथंच आमचे डोळे उघडले. तिनं एक जिवंत उंबर घेतला. म्हणाली, "रोज घालता तसं पाणी घाला." आम्ही तांब्याभर घातलं. खालच्या भोकातून पाणी आलं. आम्ही खूश. मग तिनं कडेनं सुरी फिरवून झाड मातीच्या गोळ्यासकट उपसलं आणि गोळा मधोमध फोडला. बाहेरून बोटभर ओल, आत माती पांढरी फटक. भाजलेल्या ढेकळासारखी.

आम्ही कुंड्यांत शेतातली काळी माती भरली होती. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, कुंडीच्या कडेनं फट होते, हे रानात आम्ही रोज बघतो. कुंडीत तेच होत होतं. तांब्याभर पाणी त्या फटीतून सरळ खाली जायचं आणि आम्ही म्हणायचो पाणी पोचलं. म्हणजे ती चार झाडं एका आठवड्यात मेली नव्हती. आमच्या सगळ्यांच्या पाळ्यांत ती आतून वाळत आली होती. धाकटीच्या आठवड्यात ती दिसली, एवढंच.

आणि पावसात गेलेली पाच? माती तीच. एकदा पूर्ण फुगून घट्ट झाली की तिच्यातून ना पाणी जातं ना हवा. मुळांनाही हवा लागते. त्यांचं नाक-तोंड दाबल्यासारखं होतं आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून भरपूर पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मरतं. ऐकायला उलटं वाटतं, पण असंच आहे.

आता एक गंमत घरी करून बघा. भांडी घासायचा नवा, लांबट स्पंज घ्या. पाण्यात बुडवून चिंब करा आणि तळहातावर आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, पण आडवा असताना जास्त पाणी धरून ठेवतो. बोन्सायची कुंडी म्हणजे आडवा स्पंज. उंच कुंडीत तळाशी पाणी साठलं तरी वर हवा असते. पसरट कुंडीत तळाची ओल जवळजवळ सगळ्या मुळांपर्यंत पोचते. म्हणून पसरट कुंडीत शेतातली माती चालत नाही. तळाला खडीचा जाड थर घालूनही काम भागत नाही, कारण पाणी वरच्या घट्ट मातीतच अडकून राहतं.

माती नको तर मग काय भरायचं? आम्ही आता जे भरतो ते सांगतो. चांगल्या भाजलेल्या जुन्या विटा फोडायच्या. तुकडे चाळणीनं चाळायचे. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे ठेवायचे, खालची भुकटी टाकून द्यायची. भुकटी राहिली तर सगळं मुसळ केरात, तीच चिखल होऊन भोकं बुजवते. वीट कच्ची नाही ना, हे बघायला चार तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी विरघळले तर ती वीट नको. अशा विटांचे दोन भाग, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत. बास. कुंडीच्या भोकावर प्लॅस्टिक जाळीचा तुकडा ठेवा. भरून झाल्यावर पाणी ओता. ते वर तळं करून न राहता बघता बघता खाली गेलं पाहिजे.

असं भरल्यावर आम्हाला पाणी जास्त लागायला लागलं का? जास्त वेळा लागतं, पण ते झाडालाच जातं. आता सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर. तळहाताएवढ्या कुंडीला पेलाभर पाणी, परातीएवढीला तांब्या-दीड तांब्या. आमच्या एकवीस झाडांना एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच हंडे लागायचे, पावसाळी हवेत एखादाच. खालून निथळलेलं पाणी आम्ही पाटीत धरतो आणि कढीपत्त्याला, दारच्या लिंबाला घालतो. फक्त कुंडी त्या पाण्यात उभी ठेवायची नाही, दोन विटांवर ठेवायची. शिवाय तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, भांड्यांचं खरकटं चालत नाही. गावात आरओचं यंत्र असेल तर त्यातून वाया जाणारं पाणी फुकट मिळतं म्हणून आणू नका. पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा क्षार त्यात उतरलेला असतो.

क्षाराचं थोडं अजून. आमच्याकडची बोअर खारट. कुंडीच्या काठावर आणि खोडाच्या बुडाशी पांढरं साचायला लागलं, पानांच्या कडा करपल्या, तर समजा पाण्यात क्षार जास्त आहे. अशा वेळी पाणी कमी करू नका, उलट एकदा दोन-तीन पट पाणी घालून सगळं धुवून काढा. पावसाळ्यात पन्हाळीखाली एक टाकी लावली तर ते पाणी झाडांना सोन्यासारखं. टाकीला झाकण हवं, नाहीतर डासांचं गोकुळ होतं.

आता मुख्य गोष्ट, पाणी कधी घालायचं. आमच्या भिंतीवरचा तक्ता आम्ही फाडला. त्यावर 'सकाळी सात, एक तांब्या' असं लिहिलं होतं. झाडाला सात वाजलेले कळत नाहीत. ढगाळ दिवशी त्याला कमी लागतं, वारा सुटला की जास्त. छाटणी केली की पानं कमी म्हणून तहान कमी. फुटवा आला की तहान जास्त. त्याच रांगेत दोन कुंड्या शेजारी असल्या तरी एक आज मागते, दुसरी उद्या.

मग कळायचं कसं? विझलेल्या उदबत्तीची बांबूची काडी घ्या, काळा भाग पुसून टाका. कुंडीच्या कडेपासून आत, मुळांना न दुखवता, जवळजवळ तळापर्यंत खोचून ठेवा. पाच-दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडी गडद आणि गार लागली तर आत ओल आहे, आज पाणी नको. फिकी आणि कोरडी आली तर लगेच घाला. नुसतं वरून बोट लावून बघू नका. वरचा थर दुपारपर्यंत वाळतोच, आणि काळ्या मातीत आमची फसगत वरूनच झाली होती.

दुसरी खूण वजनाची. हंडा उचलला की न बघता कळतं ना, भरलाय की अर्धा आहे? तसंच कुंडीचं. पाणी घातल्यावर उचला, वजन हातात ठेवा, दुसऱ्या दिवशी परत उचला. आठवडाभरात हात शिकतो. आमच्या आक्का काडीबिडी वापरत नाहीत, कुंडीचा काठ दोन बोटांनी उचलून सांगतात.

घालायचं कसं, तेही बघा. तांब्यानं धार मारली की वरची माती उडते आणि मुळं उघडी पडतात. बारीक भोकांची झारी घ्या. झारी नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईनं भोकं पाडा. सगळ्या कुंडीवर सारखं शिंपडा, खालून पाणी येईपर्यंत. मग सगळ्या रांगेला एक फेरी मारून या, आणि परत त्याच कुंडीला तेवढंच घाला. पहिलं पाणी माती भिजवतं, दुसरं मुळांपर्यंत जातं. रोज चमचा-चमचा शिंपडणं सगळ्यांत वाईट. वर ओलं, आत कोरडं.

एखादी कुंडी फारच वाळली, पाणी घातलं की कडेनं पळतंय असं दिसलं, तर घमेल्यात पाणी घेऊन कुंडी काठापर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे येत राहतील. ते थांबले की काढा, निथळू द्या. हा उपाय रोजचा नव्हे, आजारपणातला आहे.

पानं मलूल झाली की आपण सगळ्या एकच करतो, पाणी ओततो. थांबा. आधी काडी खोचा. काडी कोरडी, पानं वाळून कुरकुरीत, तर तहान आहे. काडी ओली, पानं पिवळी आणि हात लावताच गळतात, मातीला आंबूस वास, तर पाणी जास्त झालंय. तिथं आणखी पाणी घातलं तर झाड संपलं. अशा झाडाला सावलीत ठेवा, कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सारून ती तिरकी करा म्हणजे साठलेलं पाणी उतरेल, आणि काडी सुकत येईपर्यंत थांबा. तरी वास गेला नाही तर काढून, काळी, मऊ पडलेली मुळं कापून, नव्या मिश्रणात लावा. परतीच्या पावसात आता आम्ही सगळ्याच कुंड्या तिरक्या करतो. आमची पाच झाडं एवढ्यावर वाचली असती.

उन्हाळ्यात आणखी एक. मार्च संपला की पत्र्यावर, सिमेंटच्या गच्चीवर ठेवलेली कुंडी तापते आणि मुळं भाजतात. पाणी भरपूर असूनही झाड जातं. कुंडी विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, वर जाळी असू द्या. पाणी सकाळी लवकर घाला, संध्याकाळी परत काडी बघा.

थंडीत डाळिंब पानं टाकतं. घाबरू नका, ते विश्रांती घेतंय. पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कुणी नाही, तेव्हा हात आखडता घ्या. नवं खोड लावताना तर हे फार सांभाळावं लागतं. आम्ही डिसेंबर-जानेवारीत खोडं काढली, फांद्या आणि जाड मुळं छाटली, मोठ्या पाटीत विटांच्या मिश्रणात लावली. हलू नये म्हणून बांधून ठेवली. पहिल्या फुटव्याला बरेच आठवडे लागतात. तोवर खोड मेलंय की जिवंत आहे हे कळत नाही, आणि जीव राहवत नाही म्हणून बाया पाणी घालत राहतात. आमचं एक खोड असंच मायेनं मेलं. नखानं साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं असेल तर वाट बघा.

बाकीची निगा थोडक्यात सांगतो, वेळ कमी आहे. नव्या फुटव्याला सहा-आठ पानं आली की दोन ठेवून शेंडा खुडायचा, झाड दाट होतं. वड, उंबर खुडताना चीक गळतो, डोळ्यांत जाऊ देऊ नका, साडीवरचा डागही निघत नाही. वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार कोवळ्या फांदीला गुंडाळायची. डाळिंबाची जून फांदी कटकन मोडते, तिच्या नादी लागू नका. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते, म्हणून पंधरा दिवसांनी बघा आणि तार उलगडत न बसता कापून काढा. खताला शेंगदाणा पेंड मूठभर, पाच लिटर पाण्यात आठवडाभर कुजवून, दहापट पाणी घालून, तेही माती आधी ओली करून. घराजवळ कुजवू नका, वासानं शेजारीण भांडायला येते. पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढा. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून फवारा. कुंडी दर एक-दोन वर्षांनी बदलायची. वडाची जात पावसाच्या सुरुवातीला, डाळिंब थंडी सरताना, नवा फुटवा यायच्या आधी. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा कापायचा, मग दोन-तीन आठवडे सावली आणि महिनाभर खत नाही.

आम्हाला एक प्रश्न फार बायका विचारतात, झाडाला असं खुजं ठेवणं म्हणजे पाप नाही का? कुणी तर म्हणालं, बाईला घरात कोंडून ठेवतात तसंच हे. आमच्यात यावर एक अख्खी बैठक गेली. आम्हाला वाटतं ते असं. उपाशी, तहानलेलं ठेवून झाड लहान राहत नाही, ते मरतं, हे आमच्या नऊ झाडांनी दाखवलं. लहान राहतं ते छाटणीनं आणि कुंडीच्या मापानं, आणि त्याची सेवा जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त करावी लागते. डाळिंबाचं पान बारीक होतं, पण फूल आणि फळ मात्र आपल्या मूळच्या मापाचंच येतं. वीतभर झाडाला मुठीएवढं डाळिंब लटकतं तेव्हा बघायला गर्दी होते. एकच ठेवायचं, बाकीची कोवळी असतानाच काढायची, नाहीतर झाड थकतं. तरीही ज्यांना पटत नाही त्यांच्याशी आम्ही भांडत नाही. आमच्यातल्या दोघींना अजून पटलेलं नाही, त्या पाणी घालतात पण तार लावत नाहीत.

हे झाड मुळात चीन-जपानकडचं शिक्षण. 'बोन' म्हणजे पसरट भांडं, 'साय' म्हणजे लावलेलं रोप. पुण्याच्या लेकीनं आम्हाला फोनवर एका पाइनच्या झाडाचा फोटो दाखवला. ते १६२५ पासून कुंडीत आहे. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या आधीपासून. जपानात हिरोशिमाच्या एका कुटुंबानं ते पिढ्यान् पिढ्या सांभाळलं. १९४५ साली त्या शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते तिथून तीनेक किलोमीटरवर, भिंतीच्या आडोशाला होतं. वाचलं. १९७६ मध्ये त्या कुटुंबानं ते अमेरिकेला भेट दिलं. ते बॉम्बमधून वाचलेलं झाड आहे हे तिथल्या लोकांना कळलं २००१ मध्ये, त्या घरातली नातवंडं झाड बघायला आली तेव्हा. अजून ते वॉशिंग्टनच्या बागेत जिवंत आहे. आम्ही फोटो बघत होतो आणि आक्का म्हणाल्या, "एवढी वर्षं रोज कुणीतरी उठून बघितलंय त्याच्याकडं. एक दिवस चुकला असता तर?" जपानात म्हणे पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात असं म्हणतात. आमची पहिली तीन नुकतीच झाली.

वडाचं एक सांगायचं राहिलं. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात, दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर. आम्ही दोन वर्षांपासून त्याआधी लहान कुंडीतला वड विकायला ठेवतो. पहिल्या वर्षी तीन गेले, परवा सात. एक बाई म्हणाली, दरवर्षी हाच पुजीन. घेताना तिला आम्ही काडी दिली आणि कशी खोचायची ते दाखवलं. आता प्रत्येक झाडाबरोबर देतो. डाळिंबाचं पहिलं बोन्साय अडीच हजाराला गेलं, आणि गटाचं कर्ज गेल्या संक्रांतीला फिटलं.

आणि आमची धाकटी? गोळा फोडला त्याच संध्याकाळी आम्ही सात-आठ जणी तिच्या घरी गेलो. फोडलेला तो अर्धा गोळा परातीत घालून नेला. तिनं हात लावून बघितला, आतून कोरडा. बराच वेळ कुणी बोललं नाही. अध्यक्ष ताईंनी वही काढली, अठराशेच्या ओळीवर रेघ मारली, आणि पावसात गेलेल्या पाच झाडांसमोर स्वतःचं नाव लिहायला लागल्या. धाकटी म्हणाली, "ताई, राहू द्या. कुणाचंच लिहू नका." तिच्या सासूबाईंनी चहा ठेवला. ती बैठकीला मात्र लगेच आली नाही. दोन महिने गेले, मग आली.

पाळी आम्ही अजून लावतो, नाहीतर काम होत नाही. पण जिची पाळी, ती आधी सगळ्या कुंड्यांच्या काड्या बघते आणि मगच झारी उचलते. काडी बघितल्याची खूण वहीत करते, पाणी घातल्याची नाही. आणि बाहेरगावी जायचं झालं, लग्नसराई असली, दवाखाना निघाला, तर सांगायचं. लपवायचं नाही. तेव्हासाठी धाकटीनंच एक सोय काढली आहे. पसरट पाटीत चार बोटं वाळू घालायची, ती चिंब भिजवायची, पाटीच्या तळाला एक भोक ठेवायचं म्हणजे पाणी साठत नाही. कुंड्या पाणी घालून त्या वाळूवर नीट दाबून बसवायच्या, जाळीच्या गर्द सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला. एप्रिलमध्ये दोन दिवस निघतात, थंडीत चार-पाच. त्यापेक्षा जास्त दिवस जायचं असेल तर चावी शेजारणीकडं आणि काडी तिच्या हातात.